जुन्या डार्करूमचं सामान विकलंय किंवा घेतलंय? किती आले, काय बघितलंत, इथे लिहा

नमस्कार मंडळी,
हल्ली ओळखीतून एकच प्रश्न सारखा येतोय, की बाबांचा स्टुडिओ कधीच बंद झालाय, माळ्यावर एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र) आहे, ट्रे आहेत, टायमर आहे, कोण घेईल का आणि किती मिळतील. मी पुण्यात अजून घरी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट करतो, त्यामुळे असं सामान बघायला बऱ्याच ठिकाणी जाणं होतं. सगळ्यात वाईट काय वाटतं तर आपण पोचायच्या आधी भंगारवाला पोचलेला असतो, आणि सगळं किलोवर, लेन्ससकट गेलेलं असतं.

म्हणून पहिलीच विनंती, काहीही देण्याआधी एन्लार्जरच्या खाली बेलोजच्या (घडीच्या भात्याच्या) टोकाला जी छोटी लेन्स असते ती बघा. तिच्या कडेला गोलाकार नाव कोरलेलं असतं. एल-निक्कोर, कंपोनॉन, रोडागॉन यातलं काही असेल तर बऱ्याचदा अख्ख्या लोखंडी सांगाड्यापेक्षा त्या मूठभर लेन्सची किंमत जास्त असते. या लेन्सना पुन्हा मागणी आलीय ती फक्त प्रिंट करणाऱ्यांमुळे नाही, लोक त्या ॲडाप्टर आणि बेलोजवर मिररलेस कॅमेऱ्याला लावतात, मॅक्रो काढतात, जुन्या निगेटिव्ह कॅमेऱ्यानेच स्कॅन करतात. बहुतेकींची चुडी (आटे) लायका कॅमेऱ्याची जुनी ३९ मिमीवाली, त्यामुळे ॲडाप्टर स्वस्तात मिळतो.

तुमचे अनुभव लिहा, विकणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे दोन्ही. आकडा सांगितलात तर फार बरं, कारण कुठे विचारायचं हेच लोकांना कळत नाही.

कृष्णाकाठ
आमचा स्टुडिओ सांगलीकडचा, तालुक्याच्या गावी. बाबा गेल्यावर गाळा रिकामा करायचा होता. एन्लार्जर दोन, एक कुठल्याच कंपनीचं नाव नसलेला देशी आणि दुसरा डुर्स्ट कंपनीचा. भंगारवाल्याने दोन्हीचे मिळून सातशे सांगितले, ते पण ग्लेझर (प्रिंट वाळवून चकचकीत करायचं यंत्र) आणि ट्रे फुकट घालून. मला त्यातलं काही कळत नव्हतं पण डुर्स्टला हात लावायला बाबा आम्हाला कधी द्यायचे नाहीत एवढं आठवत होतं, म्हणून थांबले आणि फोटो काढून नेटवर टाकले. बेंगळुरूच्या एका मुलाने नुसत्या ५० मिमी एल-निक्कोरचे साडेपाच हजार दिले. डुर्स्ट नंतर कोल्हापूरच्या एकांनी आठ हजारांना नेला, गाडी घेऊन स्वतः आले, बेसबोर्डवर (खालच्या फळीवर) लेव्हल ठेवून कॉलम (उभा खांब) सरळ आहे का बघितलं, डोकं वरखाली करून मध्ये कुठे अडकतंय का बघितलं, मग पैसे दिले. देशी एन्लार्जर कुणी विचारला नाही, तो घरीच आहे आणि मला तो द्यायचाही नाहीये, आमच्या गावातल्या निम्म्या लोकांचे शाळेच्या दाखल्याचे फोटो त्याच्यातून निघालेत.

दर्याकिनारी
कोकणातलं सामान घेताना लेन्सकडे आधी बघा, कॉलमकडे मग. इकडची हवा लेन्सला खाते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, मोबाइलची बॅटरी मागून लावायची आणि समोरून थोडं तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले की ती बुरशी. कडेला थोडी असेल तर साफ होते, पण काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर निघत नाही आणि मग प्रिंटचा पांढरा भाग स्वच्छ पांढरा येत नाही, राखाडी येतो. मी रत्नागिरीत एक ८० मिमीची कंपोनॉन बघितली, बाहेरून नवी कोरी, आत जाळंच जाळं. मालकांना सांगितलं, त्यांनी किंमत निम्म्याने उतरवली तरी नाही घेतली. कंडेन्सरच्या (बल्बचा उजेड निगेटिव्हवर गोळा करणाऱ्या) मोठ्या काचा पण काढून बघा, तिथेही बुरशी धरते, पण ती काच जाड आणि साधी, स्वच्छ करता येते, त्याने भाव पाडून मागू नये असं माझं मत.

पलीकडचा किनारा
न्यू जर्सीहून लिहितोय. इथे चित्र उलटं आहे, शाळा कॉलेजांनी डार्करूम मोडल्या तेव्हा बेसेलर आणि ओमेगा कंपन्यांचे एवढे एन्लार्जर बाहेर आले की मधली काही वर्षं लोक 'उचलून न्या, फुकट' म्हणायचे. आता भाव थोडा वर आलाय पण वजन एवढं की कुरियरने पाठवणं परवडत नाही, म्हणून जो गाडीने येईल त्याला स्वस्तात मिळतो. याला अपवाद लायट्झचा (लायका बनवणाऱ्यांचा) फोकोमॅट एन्लार्जर, त्याचं डोकं वर नेलं तरी फोकस आपोआप धरून राहतो आणि लायकावाले त्याला सोडत नाहीत, तो कधी स्वस्त बघितला नाही. योबोचं फिरतं प्रोसेसर (फिल्म आणि प्रिंट धुवायचं यंत्र) चालू असेल तर तेही महाग.
भारतात न्यायचा विचार असेल तर सांगाडा नका नेऊ. लेन्स, निगेटिव्ह कॅरियर (निगेटिव्ह सपाट धरायची चौकट), चार पात्यांचा ईझल (कागद धरायची चौकट), ग्रेन फोकसर (फोकस बघायचं भिंग) एवढंच बॅगेत घाला. इथला बल्ब आणि टायमर ११० व्होल्टचा, तिकडे लावलात तर क्षणात जाईल, ट्रान्सफॉर्मर लागतो.

मटणस्ट्रीटचा_गिऱ्हाईक
चोरबाजारातून मेओप्टाचा ओपेमस एन्लार्जर घेतला, चेकोस्लोव्हाकियातल्या प्रझेरोव्हचा, यंत्र ठणठणीत पण निगेटिव्ह कॅरियर गायब. दुकानदाराला ते काय असतं हेच माहीत नव्हतं, त्याच्याकडे तो 'मोठा मायक्रोस्कोप' म्हणून ठेवलेला. साडेतीन हजारात मिळाला. कॅरियर मी काळ्या ॲक्रिलिकचा लेझरने कापून घेतला, निगेटिव्ह सपाट राहते, काम होतं. पण विकणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या, तो कॅरियरचा छोटा पत्र्याचा तुकडा, लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची पट्टी), बल्बचं होल्डर, हे खोक्यात वेगळं पडलेलं असतं आणि कचरा समजून टाकलं जातं. तेवढं शोधून दिलंत तर किंमत सरळ दीडपट मागता येते, कारण तेच तुकडे वेगळे मिळत नाहीत.

गोदाकाठची_लॅब
आमची नाशिकला कलर लॅब होती. कलर हेडवाला (डोक्यात रंगीत फिल्टर असलेला) एन्लार्जर असेल तर त्याला 'कलर कोण करतंय आता' म्हणून कमी लेखू नका. त्याच्यातले पिवळा आणि मॅजेंटा फिल्टर फिरवून मल्टिग्रेड कागदाचा कॉन्ट्रास्ट पाहिजे तसा बदलता येतो, वेगळे फिल्टर विकत घ्यावे लागत नाहीत, म्हणून ब्लॅक अँड व्हाइटवाले उलट शोधत असतात. आमचा डुर्स्ट एम ६०५ कलर हेड आणि पॉवर सप्लायसकट बावीस हजाराला गेला. घ्यायला आलेल्या मुलाला मी समोर हॅलोजन लावून दाखवला, फिल्टरचे तिन्ही आकडे फिरवून दाखवले, मगच पैसे घेतले. पॉवर सप्लाय नसता तर त्याने पाच हजार पण दिले नसते आणि त्याचं बरोबर होतं.

हायपोचा_वास
मी नि माझे मिस्टर दोघं मिळून लॅब चालवायचो, प्रिंटिंग माझ्याकडे. सामानाबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी कागदाबद्दल लिहिते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू कागद, अ‍ॅग्फाचा ब्रोव्हिरा, न फोडलेली पाकिटं घरात असतील तर उघडून बघू नका, उजेड लागला की संपलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इतकी वर्षं राहिलेला कागद बहुतेक फॉग झालेला (उजेड न लागताही काळवंडलेला) असतो, नेहमीच्या प्रिंटला उपयोगी नाही, पण हल्लीची मुलं त्याच्यावर पानंफुलं ठेवून उन्हात प्रिंट काढतात, गुलाबी, तपकिरी काय काय रंग येतात. माझ्याकडून दोन पाकिटं एका आर्टच्या विद्यार्थिनीने नेली, पैसे थोडेच पण ती वापरणार होती.
आणि कृपा करून सामानाबरोबर निगेटिव्हचे डबे देऊ नका. आमच्याकडे एकजण आला होता, त्याला फिल्म चांदीसाठी हवी होती, वजनावर. एन्लार्जर दिला असता, ते डबे नाही दिले. लोकांच्या लग्नाच्या, बारशाच्या निगेटिव्ह आहेत, ज्यांचे पत्ते लागले त्यांना आम्ही बोलावून दिल्या.

धागाकर्ता
हायपोचा_वास, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. अशा निगेटिव्ह देताना मऊ कागदाच्या पाकिटात घालून द्या, प्लॅस्टिकमध्ये दमट हवेत चिकटतात.

दोघातिघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय की कागदच मिळत नसेल तर मशीन घेणार कोण. मिळतो. कागद बनवणारी इलफर्ड कंपनी २००४ साली डबघाईला आली होती तेव्हा सगळे तेच म्हणत होते, पण तिथल्याच लोकांनी ती उभी केली आणि इंग्लंडात मल्टिग्रेड कागद अजून बनतोय, चेक लोकांचा फोमा पण आहे. आपल्याकडे आयात होऊन येतो म्हणून महाग पडतो, पण येतो, आणि तोवर चालू एन्लार्जरला गिऱ्हाईक आहे.

कुरियरने पाठवणार असाल तर डोकं कॉलमवरून उतरवा, लेन्स काढून वेगळ्या डब्यात, कंडेन्सरच्या दोन काचांमध्ये कापड, आणि बल्ब काढून ठेवा. माझ्याकडे मिरजेहून आलेल्या एका खोक्यात कंडेन्सर आतच सोडलेला होता आणि बेलोज फाडून बाहेर आला होता.

विदर्भ मराठवाड्यातून अजून कुणी लिहिलं नाही. नागपूर, अकोला, लातूरकडे जुने स्टुडिओ भरपूर होते, तिकडचे भाव कळले तर हवेत.