गेमचे शेवट: पाहिलेले आणि राहून गेलेले

कोरा_चहा
बारावीची परीक्षा संपल्यापासून भाचा रेड डेड रिडेम्प्शन २ घेऊन बसलाय. काल जेवायला हाका मारून घसा बसला तरी येईना. जाऊन बघतो तर पडद्यावर कोणी दुसराच माणूस घोडागाडी हाकतोय आणि हा कंट्रोलर बाजूला टाकून भिंतीकडे बघतोय. "मामा, घोडा मेला." आर्थर मॉर्गन, म्हणजे आपण ज्याला घेऊन खेळतो तो नायकही गेला, हे सांगायला त्याने आमटीभात संपेपर्यंत वेळ घेतला. पाठलाग चालू, मागून गोळ्या, तरी आर्थर पडलेल्या घोड्याजवळ गुडघे टेकतो आणि थँक्यू म्हणतो. आर्थरला टीबी होतो तो कुठून, तर सुरुवातीला वसुलीसाठी आपण ज्या माणसाला बुकलतो, तो तोंडावर खोकतो तिथून. बटण आपणच दाबलेलं असतं.

मला एकदम क्लासमधला प्रिन्स ऑफ पर्शिया आठवला. नव्वदीतला कॉम्प्युटर क्लास, शिकवायचे वर्डस्टार, आणि सर चहाला गेले की प्रिन्स. ६० मिनिटांत राजकन्या सोडवायची. शेवटाकडे आपलीच सावली तलवार घेऊन समोर येते. तिच्यावर वार केला की रक्त आपलंही कमी. आम्ही सगळे तिथेच मरायचो. एकदा एका मुलीने वैतागून खालचा बाण दाबला. तलवार म्यान. सावलीनेही केली. मग ही तशीच चालत गेली आणि दोघं एक झाले! अख्खी बॅच ओरडली, सर कप हातात घेऊन धावत आले. १९८९ चा गेम, तिथे संवादाचं एक अक्षर नाही, पण आजच्या कुठल्याही कटसीनपेक्षा (खेळ थांबवून दाखवतात त्या सिनेमापेक्षा) मला तो प्रसंग भारी वाटतो.

तुमचेही लिहा. पाहिलेले, हुकलेले, न पटलेले. स्पॉयलर असणारच, ज्यांना अजून खेळायचंय त्यांनी आपापल्या जबाबदारीवर वाचावं.

टपरीवाला
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

चकलीबाई
मारिओ!! टीव्हीला लावायचा तो गेम, कॅसेटवर ९९९९ इन १ लिहिलेलं आणि आत तेच तेच फिरवून घातलेले. सेव्ह नावाचा प्रकारच नाही. ८-४ ला, म्हणजे शेवटच्या लेव्हलला, पोचायचं तर एका बैठकीत, त्यात शेवटचा किल्ला म्हणजे भुलभुलैया, चुकीच्या पाइपात शिरलं की परत मागे. दादा आणि मी आळीपाळीने. अडॅप्टरला हात लावला तर चटका बसायचा. एका रविवारी पोचलो एकदाचे, राजकन्येला पळवणारा बाऊझर समोर, दादाच्या हातात रिमोट (आम्ही रिमोटच म्हणायचो) आणि लाइट गेली. दादा गच्चीवर जाऊन बसला, जेवायला खाली आला नाही.
राजकन्या मी पाहिली ती लग्नानंतर, यूट्यूबवर. आणि ती बया म्हणते काय, तर आता नवी मोहीम! म्हणजे पुन्हा १-१ पासून, फक्त गुम्बा नावाच्या शत्रूंच्या जागी ते कवचवाले किडे. एवढ्यासाठी???
कुकर झाला, येते.

नागपुरी_संत्रं
लाइट गेली, हाहाहा. ताई दादाले सांगा, आम्ही समजू शकतो.
आमच्या इथं कॅफेत सगळे व्हाइस सिटी खेळून राहिले होते पण मिशन कोणीच करे ना बावा. पँझर टाइप करा, रणगाडा पाडा, पोलीस मागं लावा, वेळ संपली की उठा. या गेमले शेवट आहे हेच ठाऊक नव्हतं. नोकरी लागल्यावर लॅपटॉपवर पुरा केला. शेवटचं मिशन उघडायले छापखाना घ्या, धंदे घ्या, म्हटलं हे तर आमच्या काकाचंच आयुष्य झालं. आणि मग समजलं का आपला साथीदार लान्स गद्दार निघते. इतके दिवस त्याले भाऊ समजून सोबत घेऊन फिरलो ना मी!

बिनसाखरेचा
कॉन्ट्रा कोणी लिहिलं नाही अजून? वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए स्टार्ट, एवढी बटणं ओळीने दाबली की ३० लाइफ. पॅन नंबर आठवत नाही, हे आठवतं.

कोरा_चहा
@बिनसाखरेचा, आणि शेवट?

बिनसाखरेचा
हेलिकॉप्टरमधून निघतात, मागे बेट उडतं. बस्स. आणखी काय पाहिजे माणसाला.

रात्रपाळी
ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स, २०१३. तीनेक तासांचा गेम. एकाच कंट्रोलरवर दोन भाऊ, डावी काडी थोरल्याची, उजवी धाकट्याची, प्रत्येकाला एकेक बटण. भाषा मनाची बनवलेली, काही कळत नाही तरी सगळं कळतं. बाप आजारी, त्याच्यासाठी औषध आणायला निघालेत. आई बुडून गेलेली, त्यामुळे धाकटा पाण्याला घाबरतो, पाणी आलं की थोरल्याच्या पाठीवर.
थोरला वाटेत जातो. त्याच्यावर माती आपल्यालाच ढकलावी लागते. मग धाकटा औषध घेऊन एकटा घराजवळ येतो, आणि समोर पाणी. उजवं बटण दाबतोय, हा पुढे जाईना. काहीतरी अडकलंय म्हणून वॉकथ्रू (गेम कसा सोडवायचा त्याची माहिती) शोधायला मोबाइल उचलला होता मी. मग उगाच डावं बटण दाबून बघितलं, थोरल्याचं, इतका वेळ ज्याला काही कामच नव्हतं. आणि तो पोहायला लागला.
पहाटेचे चार, ऑफिसचा कॉल म्यूटवर चालू. कॅमेरा बंद होता म्हणून वाचलो.

चकलीबाई
अरे देवा. दादाला फोन लावते आता.

नागपुरी_संत्रं
लावा लावा. लाइटीचं पण विचारा.

पाऊसपाणी
इथे सिएटलला दुपार, मीटिंगमधून लिहितोय. मास इफेक्ट ३ चं नाव कसं नाही? २००७ पासून तीन गेम, आधीचा सेव्ह पुढच्यात न्यायचा, कोणाला वाचवलं कोणाला नाही सगळं लक्षात ठेवणार म्हणाले. आणि २०१२ मध्ये शेवटाला काय, तर लाल, निळा, हिरवा. रंग निवडा. चाहते इतके पेटले की कंपनीला तीन रंगांच्या आयसिंगचे शेकडो कपकेक पाठवले, आतून सगळे एकाच चवीचे. शेवटी जूनमध्ये त्यांनी वाढवलेला शेवट फुकट दिला.

कोरा_चहा
कपकेक आवडले. पण प्रेक्षकाने गोंधळ घातला म्हणून शेवट बदलणं मला पटत नाही. उद्या नाटकवाल्यांना सांगाल तिसरा अंक पुन्हा लिहा.

पाऊसपाणी
नाटकवाला मला तिकीट विकताना "शेवट तुमच्या निर्णयांवर ठरेल" असं म्हणत नाही. आणि मूळ शेवट बदलला नाहीच, जास्तीचं दाखवलं एवढंच. मला तर तेही कमीच वाटलं.

कीर्तनवेडा
प्रिन्सचा विषय निघालाच आहे तर सँड्स ऑफ टाइम, २००३. माझ्या मते गेममध्ये गोष्ट सांगायची कशी, तर अशी. सुरुवातीला प्रिन्स म्हणतो बस, तुला एक गोष्ट सांगतो. आपल्याला वाटतं आपल्यालाच सांगतोय. खेळताना दरीत पडून मेलो की त्याचाच आवाज येतो, नाही नाही, असं झालं नव्हतं. म्हणजे आपलं मरणं ही सांगणाऱ्याची चूक! आमचे बुवा असेच आख्यानात भलतीकडे जायचे आणि टाळ वाजवून मूळ पदावर यायचे.
शेवटी कळतं की ऐकणारी फराह आहे, महाराजांची मुलगी. काळ मागे फिरलाय, जे घडलं ते घडलेलंच नाही, ती त्याला ओळखतही नाही. गेमभर जिच्याशी भांडत, जिला हात देत आलो ती अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघते. काळ मागे फिरवणारा खंजीर तो तिला परत देतो आणि निघून जातो.
पुढचा भाग, २००४ चा, सगळा काळाकुट्ट नि रक्तबंबाळ. तो मी मानत नाही. कोणी वाद घालू नये.

दुपारचीझोप
माझ्या सासूबाई कँडी क्रश खेळतात. त्यांना शेवट पाहिजे. मी सांगितलं आई तो संपत नाही, दर थोड्या दिवसांनी नवीन लेव्हल टाकतात. म्हणाल्या, "मग लोक खेळतात कशाला?" आणि खेळत राहिल्या.

आठबिट
@दुपारचीझोप, सासूबाईंना पॅकमॅन द्या. १९८० च्या मूळ मशीनमध्ये शेवट ठेवलेलाच नव्हता. पण लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये, त्यात २५५ च्या वर मावत नाही. २५६ व्या लेव्हलला उजवा अर्धा पडदा अक्षरांचा कचरा होतो, पुढे जाताच येत नाही. जुन्या टेट्रिसचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाने तो गेम अडकेपर्यंत खेळला. लिहिणाऱ्याने न लिहिलेला शेवट, मला तोच जास्त आवडतो.

टपरीवाला
संध्याकाळ झाली पण पोरीने लॅपटॉप घेतलाय. फोनवर एवढंच: मॅक्स पेन २ मध्ये नायकाची प्रेयसी मोना मरते. सगळ्यात अवघड पातळीवर पुरा केला तर वाचते. त्या एका बाईसाठी माझं एक सेमिस्टर गेलं.

नागपुरी_संत्रं
वाचली का पण?

टपरीवाला
वाचली. मी राहिलो. केटी.

भवानी_पेठ
आपल्या पुण्याचा राजी कोणी खेळलंय का? नॉडिंग हेड्सचा, २०२०. राजी नावाची मुलगी, तिचा भाऊ गोलूला राक्षस पळवतात, त्याला शोधायचं. दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत गोष्ट सांगतात. राजस्थानी वाड्यातून फिरताना भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की पुराणातली कथा ऐकू येते, मी तर लढाई सोडून तेच करत बसलो. शेवट मात्र... चढणीला लागलो म्हणेस्तोवर पडदा पडतो. बहिणीने इतकं केल्यावर नीट बसून दोन शब्द तरी बोलू द्यायचे होते दोघांना. तरी खेळाच.

चकलीबाई
बहीण भावाला सोडवते? घेतला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का, ८ जीबी रॅम आहे.

आठबिट
ग्राफिक कार्ड कुठलं?

चकलीबाई
ते कुठे लिहिलेलं असतं?

आठबिट
स्टार्टवर उजवं क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. जे नाव दिसेल ते इथे टाका. आणि चार्जर लावूनच खेळा.