मोटरहोमला सायकलवाल्यांचे नियम कशाला, म्हणे!

अंबाझरी_पहाट:
काल इथं एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "ब्लाइंड स्पॉट (ड्रायव्हरला न दिसणारी जागा), साईड गार्ड (कोणी चाकाखाली जाऊ नये म्हणून बाजूला लावलेला अडसर) ही ट्रकवाल्यांची भानगड. मोटरहोम (आत घरासारखी सोय असलेली) ही कुटुंबाची गाडी, तिच्यामागं सायकलवाल्यांचं लचांड नको." वाचून डोकंच फिरलं.

युरोपात नेमकी हीच पळवाट आहे. ड्रायव्हर सोडून 8 सीटांपर्यंतची प्रवासी गाडी एम-1 वर्गात, म्हणजे कारच्या पंगतीत. वजन कितीही असो. 7 जुलै 2024 पासून तिथं प्रत्येक नव्या ट्रक-बसला बाजूची सायकल ओळखून ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रणा लागते. तेवढ्याच वजनाच्या गाडीत बेड, किचन, संडास बसवून चार सीटा ठेवल्या की सक्ती संपली! लंडनचा थेट दृश्यमानतेचा (ड्रायव्हरला काचेतून थेट किती दिसतं याचा) नियमही 12 टनांवरच्या मालवाहू गाड्यांपुरताच. आपल्याकडे साईड गार्ड लागतो तो मालवाहू गाड्यांना आणि ट्रेलरना. जर्मनांनी मात्र 2020 मध्ये वजन धरलं. 3.5 टनांवरची कुठलीही गाडी असो, शहरात जिथं सायकली असणार तिथं उजवीकडे (आपल्याकडची डावी) वळताना पायी चालण्याच्या वेगानंच वळायचं. त्यात मोटरहोमही आलं.

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या लॉ कॉलेज चौकात असलीच एक गाडी सिग्नलला माझ्या उजवीकडे होती. सिग्नल सुटला, पुढची चाकं पार चौकात गेली, मी समजलो सरळ चालली. तर ती धरमपेठेकडे वळली आणि मागचं चाक कडेला कापत आलं. मी सायकल टाकून फूटपाथवर उडी मारली. पेडल चपटं झालं. ड्रायव्हरला पत्ता नाही. खिडकीतल्या पोरानं तेवढा मला टाटा केला.

रोडट्रिप_काका:
ते सद्गृहस्थ मीच. नागपुरात मोटरहोम आहेत किती हो? ताडोबा-पेंचला जाणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या. त्यातून मी समृद्धी महामार्गानं जातो, तिथं सायकलला बंदीच आहे. माझा त्रास कोणाला? आणि मोटरहोमची बाजू खालपर्यंत बंद असते, ट्रकसारखी मोकळी नाही. सायकल आत जाणार कुठून? आधी अंधारात काळे कपडे घालून अमरावती रोडवर तिघं-तिघं आडवे चालणारे तुमचे वीर आवरा.

अंबाझरी_पहाट:
समृद्धी शहराबाहेर शिवमडक्याला सुरू होते. तिथवर काय हेलिकॉप्टरनं जाता? बाजू खालपर्यंत झाकणाऱ्या फायबरच्या स्कर्टचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या नियम 73 मध्ये साईड गार्डवर 1 किलोन्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलोचा जोर लावून बघतात. मागच्या टोकाच्या 250 मिलिमीटरमध्ये तो 30 मिलिमीटरच्या वर दबला की नापास. तुमच्या स्कर्टला जरा गुडघा लावून बघा.

खामल्याची_ताई:
मला त्या मोठ्या गाड्यांच्या शेपटीची भीती वाटते. गाडी डावीकडे वळते तेव्हा मागच्या चाकापलीकडचा भाग उजवीकडे बाहेर येतो. उजवीकडच्या लेनमधल्या सायकलीला ठोकर तिथं बसते. डावीकडे हजार कॅमेरे लावा, त्यात हे दिसत नाही. बाकी सगळे राँग साईडच्या ई-रिक्षांवर गप्प का, तेही एकदा कळू दे.

हिंगणा_सेकंड_शिफ्ट:
काका, काळे कपडे म्हणे! आमच्याकडचे लोकं पाळी सुटली की रात्री हिंगणा रोडनं सायकलनं घरी जाऊन राहिले. युनिफॉर्मच गडद निळा, कंपनीनं दिलेला. मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर फुटला की फुटला. तुमची वीस-तीस हजाराची सायकल, हेल्मेट, मागं लुकलुकणारा लाईट, अन् नियमाची चर्चा. आमचा माणूस कोणत्या एम-1 मध्ये बसते?

रोडट्रिप_काका:
अहो, मग दीडशे रुपयांचा लाईट घ्यायला काय होतं? केंद्रानं 2020 साली सायकलच्या रिफ्लेक्टरचा गुणवत्ता आदेश काढला, तो कशाला?

हिंगणा_सेकंड_शिफ्ट:
तो नव्या सायकलले. आमच्याकडे बापाची सायकल पोरगा चालवते. दीडशे म्हणजे अर्ध्या हप्त्याची भाजी हाय, साहेब. लाखोंची गाडी फिरवणाऱ्यानं भाव शिकवू नये.

रोडट्रिप_काका:
गाडी कर्जाची आहे, कोणाच्या बापाची नाही!

खामल्याची_ताई:
काका, बापावर नका जाऊ. ठेकेदारानं बूट द्यायचे, हेल्मेट द्यायचं, मग टेल लाईट का नाही? गेटाच्या बाहेर कामगार कोणाचाच नसतो. माझा दीर रात्री असाच यायचा. जाऊबाई दारात उभी राहून डायनॅमोचा आवाज ऐकायची.

अंबाझरी_पहाट:
लाईट द्या, जरूर द्या. पण चौकात माझ्या सायकलीवर लाईट चालू होता, भरदिवसा. गाडीच्या वरून-आतून मी दिसतच नव्हतो तर तो लाईट कोणी बघायचा?

रोडट्रिप_काका:
बरं बाप्पा. ज्यानं गाडी बांधून दिली त्याला फोन केला. म्हणतो, कॅमेरा फक्त मागं आहे, रिव्हर्स टाकल्यावर सुरू होतो. बाजूला काही नाही. दोन्हीकडे लावतो. नियम म्हणून नाही हं, तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून. जर्मनीचं कौतुक मात्र जर्मनीत करा. इथं पायी चालण्याच्या वेगानं वळलो तर मागचे हॉर्न वाजवून कान फोडतील.

अंबाझरी_पहाट:
फोडू द्या की. काचा बंद, एसी चालू, तुम्हाला ऐकू येतं कुठं?

हिंगणा_सेकंड_शिफ्ट:
कॅमेरे लावा काका, चांगलं काम हाय. आता टेल लाईट कोण देऊन राहिलं ते सांगा. सोमवारी पाळी बदलते, त्याच्या आत पाहिजे.