शब्दचर्चा : ‘गुलाम’ की ‘गुलाम केलेली माणसं’?

केपटाउनचं स्लेव्ह लॉज बघायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपसाठी मराठी टिपण लिहितेय. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६७९ मध्ये बांधलेली ही इमारत. कंपनीचे गुलाम इथे कोंडलेले असत. संग्रहालयांत हल्ली ‘स्लेव्ह’ऐवजी ‘एन्स्लेव्ह्ड’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

— ‘गुलाम केलेली माणसं’. लांब आहे, पण कुणीतरी केलं हे त्यात दिसतं. नुसता ‘गुलाम’ म्हटला की जन्मजात वाटतो, शिवाय पत्त्यातला आठवतो तो वेगळाच. मुळात अरबीत हा शब्द मुलगा, पोरगा अशा अर्थाचा. व्यवस्थेला मात्र ‘गुलामगिरी’च; फुल्यांनी १८७३ मध्ये पुस्तकाला तेच नाव दिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना.

— पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या बायकांना ‘कुणबीण’, ‘बटीक’ म्हटलंय. आपलेच शब्द आहेत की!

— आहेत, पण ‘कुणबीण’ वाचून आजचा माणूस जात समजेल. आणि केपला, म्हणजे केपटाउनच्या वसाहतीत, आणलेली माणसं बंगाल, मलबार, मादागास्कर, इंडोनेशियाची बेटं अशा कुठकुठल्या ठिकाणांहून आलेली. पेशवाईची चौकट तिथे नको.

— बंगालवरून आठवलं. तिथल्या नोंदींत नावापुढे ‘व्हान बेंगाल’, ‘व्हान मलबार’ असतं (डचमध्ये ‘व्हान’ म्हणजे ‘-चा’, ‘-हून’). ‘बंगालकर’ करू का? वाचायला सोपं.

— अजिबात नको! चिपळूणकर आपलं गाव स्वतः मिरवतो. ‘व्हान बेंगाल’ लिहिलं ते दुसऱ्यांनी, बहुधा मूळ नाव पुसूनच. कुणाला तर महिन्याचं नाव: फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर. तिथे आजही ही आडनावं आहेत. ‘व्हान बेंगाल’ तसंच ठेवा, पुढे ‘बंगालहून आणलेली’ लिहा. ‘आलेली’ नाही, ‘आणलेली’.

— पटलं. (माझ्या मसुद्यात तीनदा ‘आलेली’ होतं.) शेवटचं : पुढे केप ब्रिटिशांकडे गेलं. तिथे १ डिसेंबर १८३४ ला या माणसांना मुक्ती, पण १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे ‘अप्रेंटिस’. उमेदवारी?

— उमेदवारीत माणूस काम शिकतो. हे लोक तेच काम आधीपासून करतच होते. ‘उमेदवारीच्या नावाखाली सक्तीची चाकरी’ लिहा. ‘नुकसानभरपाई’ शब्द आला तर तिथेही थांबा : ब्रिटिश साम्राज्यात २ कोटी पौंड ठरले ते मालकांसाठी. ‘मालकांना भरपाई’ असंच लिहा, नाहीतर वाचणारा उलटं समजेल.