मदत हवी आहे: प्रो व्हेर्चेल्लीची १९१० ची फायनल

व्हेर्चेल्ली म्हणजे इटलीच्या भातशेतीच्या मुलखातलं छोटं शहर, पण तिथल्या प्रो व्हेर्चेल्ली या फुटबॉल क्लबने १९०८ ते १९२२ दरम्यान सात वेळा देशाचं विजेतेपद जिंकलं! त्यावर लेख लिहितोय आणि १९१० च्या निर्णायक सामन्यापाशी अडलोय. तारीख बदलून मिळेना, म्हणून क्लबने निषेध म्हणून शाळकरी पोरं उतरवली. समोरचा मिलानचा इंटर क्लब १०-३ ने जिंकला. त्या पोरांचे तीन गोल मला फार मोलाचे वाटतात. मूळ खेळाडू त्या दिवशी कुठे अडकले होते? कुणी लष्करी स्पर्धा लिहितं, कुणी शाळांची. विकिपीडिया वाचून झालाय. इटालियन येत नाही, भाषांतराच्या ॲपवर भागवतो. एप्रिल १९१० ची इटालियन वर्तमानपत्रं ऑनलाइन, फुकट कुठे वाचता येतील?