वडिलांच्या फोनवरची मोफत ट्रायल रविवारी संपतेय, पैसे कापायच्या आत बंद कशी करू?

कऱ्हाडची_लेक | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी पुण्यात असते, आई-वडील कऱ्हाडला. अण्णा ७१ वर्षांचे आहेत, एसटीत कंडक्टर होते. पेन्शन तीन हजारांच्या आसपास येते आणि त्यातला प्रत्येक रुपया त्यांच्या वहीत लिहिलेला असतो.

काकांच्या जमिनीच्या वारस नोंदीसाठी कागद स्कॅन करून पाठवायचे होते, म्हणून त्यांनी एक स्कॅनर ॲप घेतलं. '३ दिवस मोफत' असं मोठ्या अक्षरात होतं. त्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत आठवड्याला ३४९ रुपये लिहिलेलं होतं, ते त्यांना दिसलं नाही. गेल्या बुधवारी ३४९ गेले. शनिवारी मी घरी गेले तेव्हा ते ॲप फोनमधून काढून टाकलं आणि त्यांना सांगितलं, आता काळजी नाही. काल संध्याकाळी पुन्हा ३४९ गेले!

त्यात आणखी एक. मी रविवारी पुण्याला परत निघाल्यावर त्यांनी एका पंचांगाच्या ॲपवर १ रुपया भरून ७ दिवसांची ट्रायल सुरू केली. एकच रुपया आहे असं त्यांना वाटलं. ती या रविवारी संपते आणि मग वर्षाचे ९९९ जाणार आहेत. ते ॲप अजून फोनवर आहे, पण त्यात 'रद्द करा' असं कुठेच सापडत नाही. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये पाहायला सांगितलं तर तिथे काहीच नाही, ना स्कॅनर ना पंचांग.

अण्णा फोनवर एकच विचारत होते, "मी पिन टाकलाच नाही, मग पैसे गेले कसे?" मला उत्तर देता आलं नाही. शनिवारी मी त्यांना चुकीचं सांगितलं याचं फार वाईट वाटतंय. रविवारच्या आत काय करायचं ते कृपया सांगा.

———

काउंटर_नंबर_३ | गुरुवार, रात्री १०:१५

ताई, मी बँकेत काउंटरवर असतो. पासबुक घेऊन "हे पैसे कोणी काढले" विचारणारी अण्णांच्या वयाची माणसं रोज येतात, त्यामुळे तुमची तळमळ कळते.

आधी अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर. पिन त्यांनी टाकला आहे, पण एकदाच, ट्रायल सुरू करताना. त्या वेळी 'ऑटोपे'चं मँडेट तयार होतं, म्हणजे पुढे ठरल्या दिवशी पैसे घ्यायची परवानगी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही. मात्र पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी, कोण कापणार, किती, कोणत्या तारखेला, हे सांगणारी. अण्णांच्या मेसेजमध्ये मंगळवारची तारीख बघा. बहुतेक इंग्रजीत असेल आणि जाहिरातींच्या ढिगात गेला असेल.

ॲप काढल्याने काही थांबत नाही. पेपरवाल्याला न सांगता दाराला कुलूप लावून गावाला गेलो तरी पेपर पडतोच आणि महिन्याचं बिलही येतं, तसं आहे हे. पण यात तुमची चूक मानू नका, दहातले नऊ जण हेच करतात.

आता पंचांगाचं. १ रुपया यूपीआयने थेट भरला असेल तर ते प्ले स्टोअरमध्ये दिसणारच नाही. अण्णा ज्या ॲपने पैसे पाठवतात (फोनपे, गूगल पे, भीम, जे असेल ते) त्यात त्यांच्या प्रोफाइलवर जाऊन 'ऑटोपे' शोधा. भीममध्ये 'मँडेट' म्हणून असतं. तिथे चालू मँडेटची यादी येते. नाव पंचांगाचंच असेल असं नाही, मागच्या कंपनीचं असू शकतं. म्हणून रक्कम आणि सुरू झाल्याची तारीख जुळवा. ते उघडून रद्द करा, पिन मागेल, झालं. रविवारची वाट बघू नका, उद्याच करा, कारण कपातीची तयारी आदल्या दिवशीपासून सुरू होते.

एक गोष्ट मुद्दाम बघा. मँडेटवर कमाल रक्कम लिहिलेली असते. ती ९९९ पेक्षा बरीच जास्त असली तर अण्णांनाही दाखवा. पुढच्या वेळी पिन टाकण्याआधी त्यांचं लक्ष तिथे जाईल.

———

रात्रपाळी | गुरुवार, रात्री १०:५०

स्कॅनर सबस्क्रिप्शनमध्ये दिसत नाही म्हणताय, तर फोनवर दोन जीमेल खाती आहेत का? सबस्क्रिप्शन फोनला चिकटलेलं नसतं, खात्याला असतं. प्ले स्टोअरमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा, दुसरं खातं निवडा आणि मग 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' उघडा. माझ्या आईच्या फोनवर दुकानदाराने एक खातं उघडून दिलं होतं आणि सगळं त्यावरच चाललं होतं. आम्हाला पत्ताच नव्हता.

आणि घाई करा. कालची कपात ४८ तासांच्या आतली आहे, तोवर परतावा थेट गूगलकडे मागता येतो. मिळेलच असं नाही, पण मागाच. त्यानंतर ॲप बनवणाऱ्याच्या मागे लागावं लागतं.

———

ग्राहक_मंचाची_वाचक | शुक्रवार, सकाळी ७:२०

वाचून रागच आला. तीन हजारांच्या पेन्शनमधून सातशे रुपये बारीक अक्षरांच्या आडून घ्यायचे!

तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवून नको ते करायला लावणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनेविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत आणि एकाचं नावच 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. रद्द करायचा पर्याय लपवणं त्यात येतं, रद्द करण्याची वाट मुद्दाम लांबलचक ठेवणं येतं, आणि मोफत ट्रायलसाठी पेमेंटची माहिती किंवा ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणंही येतं. अण्णांच्या पंचांगाला हे नीट लागू पडतं असं मला वाटतं.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा, १९१५. मराठीत बोलता येतं. मँडेटचा आणि जिथे रद्दचं बटण सापडत नाही त्या पानांचा स्क्रीनशॉट ॲप काढायच्या आधी घेऊन ठेवा. रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका. अण्णांसारखे कितीतरी जण असतील ज्यांना विचारायला पुण्यात लेक नाही.

———

डोंबिवली_फास्ट_८_१२ | शुक्रवार, सकाळी ८:०५

घरात कोणाकडे आयफोन असेल तर त्यांच्यासाठी: सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर स्वतःच्या नावावर, मग 'सबस्क्रिप्शन्स'. तिथे ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. शेवटच्या रात्री आठवण झाली तर उशीर झालेला असतो. मी ट्रायल सुरू केल्या केल्या तिथेच रद्द करते. बहुतेक ॲप उरलेले दिवस चालूच राहतात, काही मात्र लगेच बंद होतात, तेवढी खबर स्क्रीनवर वाचून घ्यायची.

———

कऱ्हाडची_लेक | शुक्रवार, रात्री ८:३०

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारची सुट्टी घेऊन अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, आईने तिचा फोन धरला आणि अण्णांनी त्यांचा चालवला.

रात्रपाळी, तुमचा अंदाज अगदी बरोबर. दोन खाती निघाली. एक माझ्या आतेभावाने उघडून दिलेलं, ते आम्ही पाहत होतो. दुसरं फोन घेतला तेव्हा दुकानात उघडलेलं, त्यात अण्णांच्या नावाचं स्पेलिंगही चुकलेलं. स्कॅनर तिथे बसला होता, पुढची कपात येत्या बुधवारी. रद्द केला. परताव्याची विनंती कपातीला ४८ तास व्हायच्या आत गेली.

पंचांगाचं मँडेट ऑटोपेच्या यादीत वेगळ्याच नावाने होतं, मी एकटीने कधीच ओळखलं नसतं. सुरू झाल्याच्या तारखेवरून सापडलं. आणि काउंटर नंबर ३, कमाल रक्कम होती ५,००० रुपये. अण्णांनी तो आकडा दोनदा वाचून घेतला. मग स्वतः पिन टाकून रद्द केलं. मी सांगायच्या आधीच म्हणाले, "थांब, आधी याचा फोटो काढू."

मंगळवारचा मेसेजही सापडला. आला होता, इंग्रजीतच होता. आता आईने त्यांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय: मेसेजमध्ये ऑटोपे किंवा मँडेट दिसलं की लेकीला फोन.

———

काउंटर_नंबर_३ | शुक्रवार, रात्री ९:१०

छान केलंत ताई. सोमवारी एकदा खात्याचा उतारा बघा. मँडेट रद्द असूनही पैसे गेले तर लगेच बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

———

कऱ्हाडची_लेक | बुधवार, रात्री ८:५०

कळवायचं राहून गेलं होतं. रविवारी ९९९ गेले नाहीत आणि आज ३४९ही गेले नाहीत, अण्णा सकाळपासून तीनदा शिल्लक बघून झाले. दुसऱ्या कपातीचे ३४९ परत द्यायचं गूगलने मान्य केलंय. पहिले ३४९ ॲपवाल्यांकडे मेल करून मागितलेत, अजून उत्तर नाही. १९१५ वर अण्णा स्वतः बोलले, तक्रारीचा क्रमांक त्यांनी वहीत उतरवून घेतलाय.

वारस नोंदीचे कागद अजून राहिलेच होते. त्यांच्या फोनवर गूगल ड्राइव्ह आधीपासून होतं, त्यात कॅमेऱ्याने स्कॅन करता येतं, पैसे लागत नाहीत. काल रात्री सात पानं त्यांनी एकट्याने स्कॅन करून मला पाठवली. तिसऱ्या पानावर कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय, ते पान परत पाठवतो म्हणालेत.