रविवारच्या गुळवेल काढ्यावरून: सोसायटी ग्रुपवरील चर्चा

प्रभुणे काका (सी-४): सर्वांना नमस्कार 🙏 पाऊस सुरू झालाय, मागच्या गल्लीत डेंग्यूही निघालाय. रविवारी योगवर्गानंतर क्लबहाउसमध्ये गुळवेलीचा ताजा काढा ठेवतोय. आपल्या मागच्या गेटजवळच्या कडुनिंबावर वेल चढली आहे, आणि कडुनिंबावरची गुळवेल म्हणजे अव्वल. मुलांनाही आणा. नंतर रोज सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये थर्मास ठेवायचा विचार आहे. पैसे नकोत.

लिमये काकू (ए-२): वा, छान! मी घरी गोळ्या घेतेच, आता ताजा मिळेल.

मनीषा (ए-११): काका, राग मानू नका, पण रोजचा थर्मास नको. मी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. सगळे गुळवेल घेणारे. एक जण दगावला. २०२२ मध्ये तेरा केंद्रांतल्या अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला.

प्रभुणे काका (सी-४): आयुष मंत्रालयाने ते तेव्हाच खोडून काढलंय. आमच्या घरी आजोबांपासून घेतात. कोणाला काही झालं नाही.

रोहन (बी-९): काका, आजोबांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, कोणी केली होती? 😄

सावंत (सेक्रेटरी): रोहन, नीट बोल. वैद्य मॅडम, तुम्ही सांगा.

वैद्य आरती (बी-७): ओपीडीत होते. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मंत्रालयाचा आक्षेप असा होता की रुग्णांनी नेमकं काय घेतलं ते तपासलंच नाही. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, पण तिच्या जातीतली टिनोस्पोरा क्रिस्पा दिसायला जवळची आहे. तिच्या खोडावर गाठी गाठी असतात, कापलं की दुधासारखा चीक येतो. ती यकृताला बाधते. म्हणून काका, वेल कडुनिंबावर आहे एवढ्यावरून ती कोणती हे ठरत नाही.
पण सगळं खापर त्या दुसऱ्या वेलीवर फोडणं मला पटत नाही. आयुषच्याच २०२० च्या कोविड सूचनांमध्ये गुळवेलीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना, नाहीतर वैद्य सांगतील तसा, असं होतं. लोकांनी मुदतीकडे पाहिलंच नाही. काढा, वर सत्त्व, वर गोळ्या, सगळं सहा-आठ महिने. त्या ४३ जणांत गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मध्य काळ ४६ दिवसांचा होता, म्हणजे साधारण निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर.

रोहन (बी-९): म्हणजे बाटलीवरची मुदत बघतात, डोसाची नाही.

प्रभुणे काका (सी-४): मग आयुर्वेदच वाईट म्हणायचा का?

वैद्य आरती (बी-७): काका, माझंच दुकान बंद करता की काय! आयुर्वेदात औषध माणूस बघून देतात. काढ्यासाठी सुकी गुळवेल २० ते ३० ग्रॅम, असं प्रमाणही लिहिलेलं आहे. थर्मासमधून सरसकट अर्धा अर्धा कप वाटणं हे आयुर्वेदात कुठे बसतं?

मनीषा (ए-११): आणि त्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र होतं. शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते. गुळवेल आपण घेतो ती प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून, आणि ज्यांची आधीच उलटलेली आहे त्यांच्यासाठी तोच धोका. थायरॉइडचे काही आजार, काही प्रकारचा संधिवात, ल्युपस, सोरायसिस त्यात येतात. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर जास्त उतरू शकते. किडनी बदललेला माणूस तर प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची औषधं घेत असतो. आपल्या ६४ घरांत कोणाला काय आहे हे ग्रुपवर विचारायचं का? विचारूच नये. आणि विचारता येत नाही, तर वाटताही येत नाही.

प्रभुणे काका (सी-४): डेंग्यूत प्लेटलेट वाढतात त्याने, असं ऐकलंय.

मनीषा (ए-११): डेंग्यूत यकृताचे आकडे आधीच वाढलेले असतात काका. त्यात आणखी भर कशाला.

लिमये काकू (ए-२): मनीषा, मला थायरॉइड आहे. रोज गोळी असते. गुळवेलीच्या गोळ्या दिवाळीपासून घेतेय. डॉक्टरांना सांगितलं नाही, ते घरगुतीच ना. हल्ली भूक लागत नाही, मला वाटलं उकाड्याने.

मनीषा (ए-११): काकू, गुळवेल आजपासून बंद. थायरॉइडची गोळी मात्र चालूच ठेवा. लघवी गडद होतेय का? अंगाला खाज? डोळे पिवळे? फोन करते तुम्हाला.

वैद्य आरती (बी-७): काकू, उद्या डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची डबी सोबत न्या, रिकामी असली तरी. आत काय आहे ते तिच्यावरूनच कळेल. घाबरू नका, बहुतेकांत वेळेवर थांबवलं की यकृत सावरतं. सगळ्यांनाच सांगते, कुठल्याही औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवता येतो. काढ्याचं कोणी कळवतच नाही, मग नोंद कुठून होणार?

प्रभुणे काका (सी-४): ठीक. वाटत नाही. मी माझ्यापुरता घेईन. पण वेल तोडायची नाही!

वैद्य आरती (बी-७): तोडू नका. रविवारी खोड बघते, गाठी आहेत का ते. आणि काका, तुमच्या साखरेच्या गोळ्या कोणत्या, ते मला वेगळं पाठवा.

सावंत (सेक्रेटरी): थर्मास रद्द. रविवारी योगवर्गानंतर त्याऐवजी गच्चीच्या टाक्यांची झाकणं आणि कुंड्यांखालच्या थाळ्या तपासायच्या, डास तिथेच होतात. ए विंग कोण घेतंय?

प्रभुणे काका (सी-४): ए आणि सी दोन्ही मी. शिडी कोणाकडे आहे?