मदत हवी आहे: आर्चर सी७ वर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, आता वायफायच दिसेना

जाणकारांनो, रात्रीचे साडेनऊ झालेत आणि सकाळी सहाला पोरं दारात उभी राहणार. त्याआधी काही सुचवता आलं तर बघा.

लातूरला घराच्या खालच्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे, ४२ खुर्च्यांची. बहुतेक पोरं नीटची, त्यात रिपीटर जास्त. केबलवाल्याकडून घेतलेलं ५० एमबीपीएसचं फायबर आहे. त्याचा डबा वर जिन्याजवळ भिंतीवर, तिथून एक केबल खाली माझ्या टीपी-लिंक आर्चर सी७ (व्ही२, म्हणजे व्हर्जन २) राउटरला. दुखणं असं की एकानं फिजिक्सची लेक्चरं डाउनलोडला लावली की दुसऱ्याचा लाइव्ह तास अडकलाच. केबलवाल्याला बोलावलं तर तो मोबाइलवर स्पीड टेस्ट काढून दाखवतो, ‘४८ येतंय की, अजून काय पाहिजे?’

पुण्यातला भाचा म्हणाला, मामा, स्पीड कमी नाही, राउटरमधे रांग तुंबतीय, याला बफरब्लोट म्हणतात. ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर) टाका आणि त्यात एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) लावा. झालं, मी टाकलं. भाचा दुपारपासून फोन उचलेना गेलाय.

काय काय केलं ते सांगतो. २४.१० ची व्ही२ साठीची ‘फॅक्टरी’ फाइल उतरवली, चेकसम (फाइल धड उतरली का ते कळायचा आकडा) जुळवून पाहिला, लॅपटॉप केबलनं जोडला, राउटर इन्व्हर्टरवर घेतला (दुपारी लाइट कधी जाईल नेम नाही), आणि राउटरच्या अपग्रेडच्या पानावरून फाइल चढवली. पट्टी शेवटपर्यंत गेली, राउटर बंद होऊन चालू झाला. तेव्हापासून दोन्ही वायफायची नावं गायब. जुना पत्ता १९२.१६८.०.१ उघडत नाही. कुठंतरी वाचलं म्हणून १९२.१६८.१.१ टाकलं, तर वरच्या फायबरच्या डब्याचं लॉगिन पान आलं! त्याचा पासवर्ड केबलवाला देत नाही. पॉवरचा दिवा मात्र स्थिर आहे. टाचणीनं दोनदा रीसेट दाबून झालं. राउटर गेला का?

गोदाकाठ (नांदेड):
काका, आधी ती टाचणी बाजूला ठेवा. राउटर गेलेला नाही.

वायफाय दिसत नाही ते बरोबरच आहे. नव्यानं टाकलेल्या ओपनडब्ल्यूआरटीला पासवर्डच नसतो, म्हणून ते वायफाय बंद ठेवूनच सुरू होतं. पासवर्ड टाकून आपण हातानं चालू करायचं. आणि त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, त्यामुळं ०.१ उघडणार नाहीच.

आता एक सांगा, लॅपटॉप केबलनं जोडलाय ते कळलं, पण त्याच वेळी वरच्या डब्याच्या वायफायलाही जोडलेला आहे का?

धागाकर्ता:
हो! हे लिहितोय ते त्याच्यावरूनच. फोनवर एवढं टंकणं आपल्याच्यानं होत नाही.

गोदाकाठ (नांदेड):
मग सापडलं. वरचा डबाही १.१ आणि खालचा राउटरही १.१. तुमच्या अभ्यासिकेत दोन खुर्च्यांवर एकच नंबर टाकल्यासारखं झालं. लॅपटॉप दर वेळी वरच्या खुर्चीकडं पळतोय. आधी राउटर ०.१ वर होता म्हणून दोघांचं जमत होतं. नुसतं लॅपटॉपचं वायफाय बंद करून भागणार नाही, कारण राउटरच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंना एकच पत्ते राहतील आणि नेट पुढं जाणार नाही. राउटरचा पत्ता बदलावाच लागेल.

हे फोनवर उघडून ठेवा आणि असं करा. लॅपटॉपचं वायफाय बंद. वरून आलेली केबल राउटरच्या निळ्या सॉकेटातून काढा. लॅपटॉपची केबल पिवळ्या सॉकेटात. आता १.१ उघडा, युजर ‘रूट’, पासवर्ड मोकळा. आत गेल्या गेल्या पासवर्ड ठेवा. मग नेटवर्क, इंटरफेसेस, लॅन, एडिट. तिथं पत्ता १९२.१६८.२.१ करून सेव्ह, मग सेव्ह अँड अप्लाय.

इथं लोक फसतात. राउटर ९० सेकंद वाट बघतो आणि लॅपटॉप नव्या पत्त्यावर भेटला नाही तर गुपचूप जुनं सेटिंग परत आणतो. म्हणून ‘बदल कायम ठेवा’ अशा अर्थाचं बटण दाबा, आणि केबल एकदा काढून परत लावा. मग २.१ उघडा, निळ्या सॉकेटात वरची केबल लावा. नेट आलं की वायरलेसमधे देश भारत निवडून, डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड देऊन दोन्ही वायफाय चालू करा.

परभणीचा पाहुणा:
धागा पळवतोय, माफी असावी. माझ्याकडं टीपी-लिंकचाच ८४१एन पडलेला आहे, त्याच्यावर जमेल का?

गोदाकाठ (नांदेड):
डब्याच्या बुडाला लेबल आहे, त्यावर व्हर्जन वाचा. मॉडेल एकच असलं तरी आतला माल वेगळा असतो. व्ही१३ मधे ८ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम, तर त्याच्यानंतरच्या व्ही१४ मधे ४ आणि ३२. व्ही१४ असेल तर नाद सोडा, एवढ्याशा जागेत आजचं ओपनडब्ल्यूआरटी मावत नाही. काकांच्या सी७ व्ही२ मधे १६ आणि १२८ आहे, म्हणून मी एवढा निवांत बोलतोय.

परभणीचा पाहुणा:
व्ही१४ निघाला. चला, परत माळ्यावर.

धागाकर्ता:
११ वाजून १० मिनिटं. चालू झालं!! पहिल्या वेळी ९० सेकंदांत फसलोच. मी शांतपणे चष्मा शोधत होतो, तोवर त्यानं सगळं पूर्ववत करून ठेवलं. दुसऱ्यांदा जमलं. वायफायची नावं आणि पासवर्ड जुनेच ठेवलेत, म्हणजे सकाळी ४२ जणांना सांगत बसायला नको. आता ते एसक्यूएम कसं लावायचं?

गोदाकाठ (नांदेड):
सिस्टिम, सॉफ्टवेअर इथं जाऊन आधी याद्या अपडेट करा, मग ‘लुसी-ॲप-एसक्यूएम’ शोधून इन्स्टॉल. नेटवर्कच्या मेनूत एसक्यूएम येईल. इंटरफेस ‘वॅन’ चा (बाहेरच्या नेटची बाजू) निवडा, लॅनचा (घरातली बाजू) नको. रांग आवरायची पद्धत ‘केक’. आकडे केबीपीएसमधे (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस) लिहायचे, आणि कागदावरच्या ५० च्या नाही तर मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के. तुम्हाला ४८ मिळतंय तर डाउनलोडला ४३०००. अपलोडही मोजून तसंच. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग केबलवाल्याकडं न लागता तुमच्या राउटरमधे लागते, आणि तिथं कुणाला किती सोडायचं ते केक बघतो.

धागाकर्ता:
दुसऱ्या दिवशी दुपारी लिहितोय. सकाळी मुद्दाम तिघांना मोठ्या फाइली डाउनलोडला लावायला सांगितल्या आणि चौथ्या एका मुलीचा बायोलॉजीचा लाइव्ह तास चालू ठेवला. एकदाही अडकला नाही. डाउनलोडवाल्यांची जरा कुरकुर आहे, ती चालायचीच. केबलवाला वसुलीला आला होता. सवयीनं टेस्ट काढली आणि तोंड पाडून म्हणाला, ‘मामा, ४२ च येतंय, लाइन चेक करायला पोरगं पाठवू का?’ कशाला, म्हटलं.

शेवटचं एक. पुढं नवी आवृत्ती आली की परत हीच फॅक्टरी फाइल टाकायची का?

गोदाकाठ (नांदेड):
नाही. फॅक्टरी फक्त कंपनीच्या फर्मवेअरवरून (राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर) इकडं येताना. आता इथून पुढं ‘सिसअपग्रेड’ नावाची फाइल, ‘सेटिंग ठेवा’ वर खूण करून. त्याआधी बॅकअप उतरवून घ्या. सेटिंग राहतात पण वरून टाकलेली पॅकेजं जातात, म्हणजे एसक्यूएम परत इन्स्टॉल करावं लागेल. आणि ते काम रविवारी दुपारी करा, परीक्षेच्या आठवड्यात नको.